डेप्थ थेरपीत नेमकं होतं काय? कौन्सिलरने सुचवलंय पण मनाची तयारी होत नाहीये

मांडवीकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहूनच टाकते. मी ३४ वर्षांची, मूळ डिचोलीची, नोकरी पणजीत, लग्न होऊन सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी मला पॅनिक अटॅक यायला लागले, एकदा तर बसमध्ये पर्वरीच्या चढणीवर असा आला की कंडक्टरने बस बाजूला घ्यायला लावून पाणी दिलं. मग एका कौन्सिलरकडे गेले, तिने सीबीटी केलं, म्हणजे श्वासाचे व्यायाम, वहीत विचार लिहायचे, त्यातला खरा कुठला आणि भीतीने रंगवलेला कुठला ते तपासायचं. दहाएक सेशनमध्ये खरंच फरक पडला, अटॅक जवळजवळ गेलेच.

पण एक गोष्ट काही केल्या जात नाही. ऑफिसात सर एखाद्या दिवशी गप्प असले, किंवा मी पाठवलेल्या मेसेजवर निळ्या टिका आल्या आणि उत्तर आलं नाही, की माझं आतून सगळं सुटतं. जेवण जात नाही, माझं काय चुकलं ते शोधत जुने मेसेज वर वर जाऊन वाचत बसते, रात्री नऊपर्यंत थांबून कोणी न सांगितलेलं काम करते, आणि दुसऱ्या दिवशी सर नेहमीसारखे हसले की लगेच सगळं ठीक. नवऱ्याच्या बाबतीत तेच, सासूबाईंच्या बाबतीत तेच. 'सर गप्प आहेत म्हणजे माझ्यावर रागावलेत असं नाही' हे वाक्य मी वहीत वीस वेळा लिहिलं असेल, डोक्याला ते शंभर टक्के पटतं, पोटाला पटत नाही.

कौन्सिलर स्वतःच म्हणाली की याच्या पुढचं माझं ट्रेनिंग नाही, तू डेप्थ-ओरिएंटेड काम करणाऱ्या कोणाकडे तरी जा. पर्वरीला एक बाई मिळाल्या, एकदा भेटून आले. त्या फारच कमी बोलतात. मी विचारलं किती महिने लागतील, तर म्हणाल्या ते आत्ता सांगता येणार नाही, आणि उलट मलाच विचारलं की हे माहीत नसणं कसं वाटतंय. बाहेर येऊन मी स्कूटरवर बसून रडले, का ते मला अजून कळलेलं नाही.

तर ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा की तिथे नक्की होतं काय, नुसतं बोलून पोटातली गोष्ट कशी काय बदलते, आणि शेवटी सगळं आईबाबांच्या माथी मारतात का, कारण माझं बालपण चांगलं गेलंय आणि मला त्यांच्याविषयी वाईट काही ऐकायचं नाहीये. घरी आई म्हणते देवीला प्रसाद लावून घेऊ, म्हणजे कळ्या लावून तिचा कौल मागू, नवरा म्हणतो ध्यान कर. आणि एक, आम्ही घरी कोकणी, शाळा माझी मराठी, ऑफिस इंग्लिश. त्या बाईंशी मी इंग्लिशमध्येच बोलले. चालतं का तसं?

खाणपट्टा

ताई, 'पोटाला पटत नाही' इथे मी थांबलोच, कारण अडीच वर्षं मी जिथे जात होतो ते नेमकं या पोटासाठीच. मी तज्ज्ञ नाही, माझं झालं ते सांगतो.

आमचे खाणीवर दोन टिप्पर होते. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा मी एकोणीस वर्षांचा. टिप्पर अंगणात उभे, टायरांभोवती गवत वाढलेलं, बँकेचे हप्ते चालूच, आणि बाबा दिवसभर सोप्यावर बसून. ओरडले नाहीत, रडले नाहीत, दारूलाही लागले नाहीत. काय झालं विचारलं की 'कांय ना रे'. मीही तेच शिकलो. लग्नाला दोन वर्षं होतायत तोच ते मोडायची वेळ आली आणि बायकोची तक्रार एकच, तू भांडतच नाहीस, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं.

दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते सहा पन्नास, थेरपिस्ट मॅडमकडे. पहिले चार महिने मी खाणी, कोर्ट, लिलाव यांच्या बातम्याच सांगत होतो त्यांना. मग चवथीला मॅडमनी दोन आठवडे सुट्टी घेतली, मी म्हटलं काही हरकत नाही मॅडम, तुम्हालाही गणपतीवरची माटोळी बांधायची असणार. सुट्टीनंतरच्या पहिल्या गुरुवारी मी दहा मिनिटं उशिरा पोचलो, पुढच्या वेळी पंधरा, तिसऱ्या वेळी परत दहा. कारण दर वेळी खरं होतं, अटल सेतूवर ट्रॅफिक. तिसऱ्या वेळी त्या एवढंच म्हणाल्या की सुट्टीच्या आधी चार महिन्यांत तुम्ही एकदाही उशिरा आला नव्हता. माझे कान गरम झाले. मी म्हटलं ट्रॅफिकला मी काय करू, आणि ते जरा मोठ्यानेच निघालं. तर त्या म्हणाल्या, तुमचा आवाज वाढलेला मी आज पहिल्यांदा ऐकतेय. त्या क्षणी मला काय वाटलं माहितीय, की आता ही बाई आजारी पडणार. हाकलून देईल असंही नाही, आजारी पडणार, माझ्यामुळे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. त्या होत्या तशाच बसून होत्या, पायाशी टेबलफॅन फिरत होता. सहा पन्नासला नेहमीसारखं म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी भेटू.

झालं एवढंच, पण मला कोणी शंभर वेळा सांगितलं असतं की रागावल्याने समोरचा मोडत नाही तर ते मी वहीत लिहून घेतलं असतं आणि पुढे तसाच वागलो असतो. त्या दिवशी मी रागावलो आणि समोरचं माणूस मोडलं नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं. मग हळूहळू घरी थोडं थोडं भांडायला लागलो, बायको पहिल्यांदा आवाज चढला तेव्हा हसलीच, म्हणाली आता घरात कोणीतरी आहे असं वाटतं.

बाबांना दोष वगैरे काही झालं नाही. एक टप्पा आला होता, दोनतीन महिने मी त्यांच्यावर मनातून धुमसत होतो, ते खोटं कशाला सांगू. पण त्याच्या पलीकडे गेल्यावर मला सोप्यावरचा तो माणूस पहिल्यांदा दिसला, अठ्ठेचाळीस वर्षांचा, डोक्यावर दोन गाड्यांचं कर्ज. तोपर्यंत मला फक्त बाबा दिसत होते.

भाषेचं विचारलंस ते फार महत्त्वाचं आहे. मी 'माय फादर वॉज डिप्रेस्ड' असं म्हणायचो तेव्हा काही म्हणजे काही व्हायचं नाही, एखादी केस सांगतोय असं वाटायचं. एकदा बोलता बोलता तोंडून आलं 'बाबा सोप्यार बसून आसतालो' आणि पुढची वीस मिनिटं मला बोलताच आलं नाही. तुझ्या बाईंना कोकणी कळत असेल तर उत्तम, अडखळत कळत असेल तरी चालेल, तू त्या वाक्यांपुरती तरी आपल्या भाषेत बोल.

पैशाचंही सांगतो कारण ते कोणी बोलत नाही. मला महिन्याला सहा हजार जायचे, पहिल्या वर्षी त्यावरून घरी कुरबुर झाली. आयत्या वेळी सेशन रद्द केलं तरी फी द्यावी लागते, हे बहुतेक ठिकाणी असतं, आधीच विचारून घे.

शांतपणे

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, गोव्यातच काम करते. मी तुमची थेरपिस्ट नाही, त्यामुळे तुम्हाला काय झालंय हे मी इथे ठरवणार नाही, पद्धत कशी चालते तेवढं सांगते, जरा लांबेल.

'डेप्थ सायकॉलॉजी' या नावाचं श्रेय ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाला देतात. मुळातली समजूत अशी की आपल्याला चालवणारं बरंच काही आपल्याला ठाऊकच नसतं. मराठीत त्याला अबोध मन म्हणतात, कोणी नेणीव म्हणतात, मला नेणीव जवळचा वाटतो. मनोविश्लेषण, म्हणजे बोलण्यातून अबोध मन उलगडायची पद्धत, काढणाऱ्या फ्रॉइडने तिथून सुरुवात केली, आडलर आणि नंतर युंग त्याच्यापासून वेगळे झाले, फ्रॉइड आणि युंगचं तर १९१३ ला पार फाटलं. जे आपण स्वतःचं म्हणून कबूल करत नाही त्याला युंग सावली म्हणतो. पुढे इंग्लंडमध्ये मेलनी क्लाइन, विनिकॉट, बोल्बी यांनी तान्हं मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यात काय घडतं तिकडे सगळ्यांचं लक्ष वळवलं. आपल्याकडेही हे आज आलेलं नाही, गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्याला १९२२ साली मनोविश्लेषणाची संस्था काढली, त्यांचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता. आज जे स्वतःला डेप्थ-ओरिएंटेड म्हणवतात ते बहुतेक जण या सगळ्यातून थोडं थोडं घेऊन काम करतात, समोरासमोर खुर्चीत बसून, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. कोचावर आडवं होणं आता क्वचित.

तिथे करायचं काय, तर मनात येईल ते न निवडता बोलायचं. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पाचव्या मिनिटाला 'हे काय सांगायचं, काहीतरीच' असं म्हणून आपण एखादी गोष्ट बाजूला सारतो, आणि बहुतेक वेळा कामाची तीच असते. थेरपिस्ट कमी बोलते कारण ती रिकामी ठेवलेली जागा तुम्ही कशाने भरता हे तिला बघायचं असतं. आता तुमचंच बघा, तुम्हाला गप्प माणूस समोर आला की त्रास होतो आणि तुम्ही एका कमी बोलणाऱ्या बाईसमोर तासभर बसून आलात आणि बाहेर स्कूटरवर रडलात. जुन्या नात्यातलं वागणं नव्या माणसासमोर आपोआप चालू होतं त्याला ट्रान्सफरन्स म्हणतात. तुमची वही उपयोगाचीच होती, पण वहीत ते घडून गेल्यावर आठवून लिहावं लागतं, इथे ते चालू असताना दोघांना मिळून बघता येतं. खाणपट्टा यांचं अटल सेतूचं ट्रॅफिक म्हणजे तेच.

मात्र ही शांतता सोसवत नसेल तर तसं सांगायचं. चांगली थेरपिस्ट गप्प बसायचा हट्ट धरत नाही, ते तोंड दाबून सोसायची तुमची परीक्षा नाहीये.

बालपण चांगलं गेलंय म्हणालात, ते तसंच असेल. विनिकॉटचं एक म्हणणं मला नेहमी उपयोगी पडतं, की ज्या कोसळण्याची माणसाला पुढे भीती वाटत राहते ते बऱ्याचदा मागेच होऊन गेलेलं असतं, फक्त तेव्हा ते मूल इतकं लहान होतं की 'हे मला होतंय' असं अनुभवायलाही आत कोणी तयार नव्हतं. त्याचं चित्र आठवत नाही, शरीराची घाई तेवढी उरते. चांगल्या घरातही आई आजारी पडते, कोणीतरी जातं, कोणी बोटीवर कामाला जातं, त्यात कोणाची चूक असेलच असं नाही. तरी तुम्ही आता घरी जाऊन कारण खणत बसू नका, ते असं मागे लागून सापडत नाही आणि सापडलं तरी नुसतं कळलं म्हणून सुटत नाही. तीच गोष्ट दहा वेळा, पन्नास वेळा, वेगवेगळ्या निमित्ताने समोर येते आणि दर वेळी थोडी सैल होते, वेळ लागतो तो यात जातो.

याचा उपयोग होतो का, तर होतो. जोनाथन शेडलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २०१० मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता, त्यात या पद्धतीचा परिणाम थेरपी संपल्यावरही टिकतो, वाढत जातो असं दिसलं. पण खोल म्हणजे वरच्या दर्जाचं असं कृपा करून समजू नका. आपल्या गोव्यातच १० प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये नैराश्याच्या रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१६-१७ ला तो छापून आला, त्यात सहा ते आठ भेटींची साधी पद्धत होती, रोजच्या जगण्यातल्या गोष्टी परत सुरू करायला लावणारी, आणि ती देणारे लोक डॉक्टर नव्हते, ट्रेनिंग दिलेले स्थानिक लोक होते, तरीही पेशंटना चांगला फायदा झाला. कोणाला काय लागतं ते त्याच्या त्रासावर ठरतं. तुमच्या पहिल्या कौन्सिलरने अटॅक थांबवले आणि जिथे तिचं काम संपलं तिथे ते सरळ सांगितलं, याबद्दल मला तिच्याविषयी फार आदर वाटला.

जुना_मास्तर

बाय, माझं वय ७१, मराठी शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं. पत्नी गेल्यावर मी दीड वर्ष अशा एकांकडे जात होतो, त्यामुळे थोडं बोलायचा अधिकार आहे असं समजतो.

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे, तू रोज त्याच्यावरून जात असशील. १९४५ सालचा, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, हात पसरून उभा असलेला पाद्री आणि त्याच्यासमोर मागे कलंडणारी बाई. बहुतेकांना वाटतं तो तिच्यावर काहीतरी सोडतोय. गंमत बघ, फारियाने सांगितलं ते याच्या बरोबर उलटं. हा कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेला मुलगा, १८१३ साली पॅरिसमध्ये लोकांना झोपवून दाखवत होता, आणि त्या काळी सगळे मानायचे की झोपवणाऱ्याच्या अंगातून एक चुंबकासारखा प्रवाह निघतो. फारिया म्हणाला माझ्यातून काहीही निघत नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून घडतं. पुढे फ्रान्समधल्या नान्सीच्या डॉक्टरांनी त्याचं हे म्हणणं उचलून धरलं. फ्रॉइड १८८९ मध्ये त्यांच्यातल्या बर्नहाइमकडे गेला आणि त्याने बघितलं की संमोहनात घडलेलं 'आठवत नाही' म्हणणाऱ्या पेशंटला नेट लावून विचारत राहिलं की हळूहळू आठवतं. म्हणजे ते त्याला माहीत असतं, पण माहीत आहे हे माहीत नसतं. त्यानंतर काही वर्षांत त्याने संमोहन सोडलं आणि जागेपणी बोलायला लावायला लागला. तेव्हा तुझी बाई उत्तर देत नाही याचा राग मानू नकोस. माझे डॉक्टरही देत नव्हते, आणि मी तर जन्मभर पोरांना उत्तरं देत आलेला माणूस, मला ते फार जड गेलं.

प्रसादाचं म्हणशील तर आईचं मन मोडू नकोस, जाऊन ये. आमच्या घरी जमिनीच्या वादात एकदा प्रसाद लावला होता. भट गाऱ्हाणं घालत होते, आम्ही सगळे कळ्यांकडे डोळे लावून, आणि डावी कळी पडली, म्हणजे देवाचा नकार. थोरल्या भावाचा चेहरा उतरला आणि मला मात्र आतून हायसं वाटलं. मला कोर्टात जायचंच नव्हतं, आणि हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. देवाने काय सांगितलं ते देवाला माहीत, माझ्या मनात काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरांना हा किस्सा सांगितला तेव्हा त्यांनी विचारलं, असं हायसं आणखी कधी वाटलंय? त्या एका प्रश्नावर आमचे तीन आठवडे गेले. त्यातून काय निघालं ते इथे लिहीत नाही, पत्नीच्या शेवटच्या दिवसांविषयी होतं.

सुधीर कक्कर हे नाव ऐकलं असशील. जर्मनीत फ्रँकफर्टला मनोविश्लेषण शिकून आलेला माणूस, दिल्लीत पेशंट बघितले आणि पुढे आपल्या बाणावलीला येऊन राहिला, २०२४ च्या एप्रिलमध्ये वारले. भारतीय पेशंट थेरपिस्टमध्ये गुरू शोधतो, वाट दाखवणारा, कुटुंबातल्या वडीलधाऱ्यासारखा, हे त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिलं, आणि त्याला त्यांनी हिणवलं नाही, त्याच्यासोबत काम कसं करायचं हे बघितलं. तुला ती बाई बोलत नाही म्हणून पोरकं वाटलं असेल तर त्यात आपल्या मातीचाही भाग आहे, सगळंच तुझं एकटीचं नव्हे.

सावरलेली

मला थोडी काळजीची बाजू मांडायची आहे, ताईंना घाबरवायचं म्हणून नाही.

तीन वर्षांपूर्वी मी किनाऱ्याकडच्या एका ठिकाणी तीन दिवसांच्या शिबिराला गेले होते, आतलं लहान मूल भेटवतो असं त्यांचं होतं. नाव घेत नाही. वीस जणांमध्ये डोळे मिटायला लावून, मोठं संगीत लावून त्यांनी मला एका जुन्या गोष्टीपर्यंत नेलं जी मी कोणालाच सांगितलेली नव्हती. मी हमसून हमसून रडले, सगळ्यांनी मिठ्या मारल्या, रविवारी दुपारी शिबीर संपलं, आणि सोमवारी मी एकटी माझ्या खोलीत होते. नऊ रात्री मला धड झोप नाही. फोन केला तर म्हणे हे बाहेर पडतंय ते चांगलंच आहे, पुढच्या लेव्हलला या. शेवटी बहिणीने सरकारी ओपीडीत नेलं, तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, झोप लागली, आणि ते शांतपणे म्हणाले की झाकण उघडायचं तर ते परत लावायला शेजारी कोणीतरी हवं.

आता मी दीड वर्षं एका थेरपिस्टकडे जातेय, तीच गोष्ट, पण आम्ही तिच्याजवळ जायलाच सात महिने घेतले. मी सांगायला गेले तर तीच म्हणायची, आज इथवर पुरे, आता घरी कशा जाणार, कोण आहे घरी. तेव्हा मला ते लांबण लावल्यासारखं वाटायचं, आता वाटतं की तेच तर काम होतं. म्हणून ताई, त्यांचं शिक्षण काय, रजिस्ट्रेशन आहे का, त्या स्वतःची कामं कोणा ज्येष्ठांना दाखवून सल्ला घेतात का, हे सगळं बिनधास्त विचारा, चांगल्या लोकांना त्याचा राग येत नाही. थेरपिस्ट मैत्रीण होऊ बघते, बाहेर भेटू म्हणते, दुसरा काही धंदा गळ्यात मारते किंवा चालू असलेल्या गोळ्या बंद करा म्हणते, यातलं काहीही दिसलं तर निघून या. जीव द्यायचे विचार येत असतील किंवा दारू हाताबाहेर गेली असेल अशा वेळी आधी खोल शिरू नये, आधी पाय टेकायला जमीन हवी. रात्री-अपरात्री काही वाटलं तर सरकारचा टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मी दोनदा लावलाय.

आणि ध्यानाबद्दल, मला ते आता उपयोगी पडतं, पण त्या नऊ रात्रींमध्ये डोळे मिटून बसले असते तर आणखी खोल गेले असते. नवऱ्याला सांगा, ध्यान वेगळं आणि हे वेगळं. ध्यानात समोर कोणी नसतं.

मांडवीकाठची

सगळ्यांचे खूप आभार, मी प्रत्येक शब्द दोनदा वाचला. खाणपट्टादादा, तुमचं ते आजारी पडणार वाटलं हे वाचून अंगावर काटा आला. सर, तुमचं डाव्या कळीचं आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली मास्तर खरा माणूस.

शांतपणे ताई, तुम्हाला एकच विचारायचंय. मी त्यांना 'तुमचं गप्प बसणं मला सहन होत नाही' असं सांगितलं तर त्यांना वाईट नाही का वाटणार? एकदाच भेटलोय आम्ही.

मांडवीकाठची (दोन दिवसांनी)

ताई, उत्तर नाही आलं तुमचं. मी काही चुकीचं विचारलं असेल तर सॉरी. कदाचित असे प्रश्न इथे विचारायचे नसतात.

मांडवीकाठची (त्याच रात्री)

वरचं पाठवलं आणि तासाभराने वाचलं. दोन दिवस मी काय करत होते ते सांगते. दर अर्ध्या तासाने हे पान उघडत होते. माझा पहिला मेसेज परत परत वाचून त्यात कुठे आगाऊपणा झालाय का ते बघत होते. काल रात्री शांतपणे ताईंची इथली जुनी उत्तरं शोधून वाचली, त्या इतर लोकांनाही उशिरा उत्तर देतात का हे बघायला. आज दुपारी डबा तसाच परत आणला. ज्या बाईंचा चेहराही मी बघितलेला नाही त्यांच्यासाठी.

अजून एक. तुम्ही खणू नका म्हणाला होता, तरी काल आई आदोळीवर नारळ खवत होती तेव्हा सहज विचारलं, मी लहान असताना घरात कधी काही झालं होतं का गो, कोणी खूप दिवस गप्प वगैरे. ती म्हणाली 'तशें कांय ना गो' आणि खवत राहिली. अर्धी कवड संपली, दुसरी घेतली, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, 'तुका कोणें कितें सांगलें?' मी काही नाही म्हटलं. पुढे ना ती बोलली ना मी. ते तिथेच आहे, मी त्याचं काही करत नाहीये.

शांतपणे

आमच्याकडे दोन दिवस वीज आणि नेट दोन्ही नव्हतं, पावसाने झाड पडलं होतं तारांवर, म्हणून उशीर झाला. तुम्ही काहीही चुकीचं विचारलेलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, वाईट वाटलं तरी ते सांभाळणं त्यांचं काम आहे, तुमचं नाही. आणि या दोन दिवसांचं जे लिहिलंत, पान उघडत राहणं, माझी जुनी उत्तरं शोधणं, परत आणलेला डबा, हे जसंच्या तसं त्यांना सांगा. माझं नेट गेलं होतं हे शेवटी सांगा, आधी नको.

मांडवीकाठची

सांगते. मंगळवारी साडेपाचला आहे. कोकणीत सांगून बघणार आहे.